रेणूच्या अर्जासाठी धुळ्याला

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावला आमच्या वरच्या खोलीत एक काश्मिरी कुटुंब भाड्यानं राहायचं, तिकडच्या गोळीबारातून नेसत्या कपड्यांनिशी निघालेलं. त्यांच्या रेणूला धुळ्याच्या कॉलेजात विस्थापितांच्या राखीव जागेवर प्रवेश हवा होता. अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती. तिच्या वडिलांना मराठी येत नव्हतं, म्हणून मी, शाळेतली भाषेची बाई, आपणहून पुढे झाले.

सकाळची एसटी धरली. आता हा रस्ता बराच सुधारलाय. तेव्हा एरंडोल येईपर्यंतच हाडं खिळखिळी व्हायची. पारोळ्याला बस थांबली की शेवभाजी खाऊन घ्या, असं मी सगळ्यांना सांगते. त्या दिवशी मात्र मी बसमधून खालीही उतरले नाही. सारखं घड्याळाकडे लक्ष.

पारोळा सुटल्यावर रेणूनं मी लिहिलेला अर्ज वाचायला घेतला. तिची सही तेवढी राहिली होती.

"बाई, आमचं घर जळालेलं नाही," ती म्हणाली. "बंद आहे. शेजारचे चाचा सांभाळतात. त्यांची पत्रं येतात."

मी लिहिलं होतं, 'राहते घर जळून खाक झाले.' तसं मला कुणी सांगितलं नव्हतं.

"राहू दे गं. बघायला कोण जातंय तिकडे?"

"बाबा रोज परत जायचं बोलतात. मी यावर सही कशी करू?"

खरं सांगते, मला तिचा रागच आला. मुदत हुकली असती तर पोरीचं वर्ष गेलं असतं. धुळ्याच्या स्टँडवर वहीचं पान फाडलं, मांडीवर ठेवून अर्ज पुन्हा लिहिला, तिनं सही केली. रिक्षानं पोहोचलो तेव्हा खिडकी बंद व्हायला आली होती.

आतले वयस्कर कारकून, सगळे त्यांना आबा म्हणत, अर्ज सावकाश वाचू लागले.

"घर शाबूत शे, मंग परत काबर जातस नही?"

घर आहे तर परत का जात नाही, याच प्रश्नाला मी घाबरत होते. मी काही बोलणार तोच रेणू म्हणाली, "घर आहे, आबा. पण गल्लीत गोळ्या चालतात. दारापर्यंत जिवंत कसं पोहोचायचं?"

आबांनी शिक्का मारून अर्ज आत घेतला. पुढे प्रवेश मिळाला, पण परतताना ते कुठे ठाऊक होतं? जळगाव येईपर्यंत माझा जीव टांगणीला.

त्यानंतर मी बऱ्याच जणांचे अर्ज लिहिले. आता आधी विचारते, मग लिहिते.

धुळ्याहून परतलो त्या संध्याकाळी रेणूच्या वडिलांनी विचारलं, अर्जात काय लिहिलंय? रेणू हिंदीतून सांगू लागली. 'घर शाबूत आहे' इथं त्यांनी तिला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा सांगायला लावलं. मग मला हात जोडून म्हणाले, "शुक्रिया, बहनजी."

अर्ज वजनदार दिसावा म्हणून मी तेच घर जाळून मोकळी झाले होते, हे मला त्यांना सांगता आलं नाही.