चार चमचे पाणी

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरचा फोन आला आणि माझ्याकडे किस्से साठायला लागले.

आमच्या केंद्राबाहेर एक लांब बाकडं आहे. तपासणीच्या दिवशी गरोदर बायका तिथे बसतात. एकीने एक सांगितलं की दुसरीला दोन आठवतात. माझ्याकडे तेव्हा सांगण्यासारखं काहीच नव्हतं. आता बाळाचा डोस घ्यायला गेले तरी बायका सरकून जागा देतात. "बस गो, ता पाण्याचा सांग!"

तर तो फोन. मी कालवणासाठी तिसऱ्यांच्या शिंपल्या धूत होते. सिस्टर म्हणाली, "रक्ताच्या रिपोर्टात धोका जास्त दाखवलाय. बाळात दोष आहेच असं नाही हं! असू शकतो, एवढंच. पक्कं कळायला पोटातलं पाणी तपासावं लागेल."

"ते कसं काढतात?"

"सुईने."

"कुठून?"

"पोटातून. दुसरं कुठून काढणार?"

हातातल्या तिसऱ्या परत टोपात पडल्या. घरात सांगितलं तर यांनी एकच विचारलं, "बाळाक टोचात काय?"

* * *

सासूबाईंचं दुखणं वेगळंच. त्यांचं माहेर कोळ्यांचं. त्या म्हणाल्या, "ओहोटीक पाणी काढूचा नाय. गेला ता परत भरूचा नाय."

तपासणी कोल्हापूरला होती. घाट चढून आम्ही पोहोचलो आणि यांना काही कळायच्या आत सासूबाईंनी डॉक्टर मॅडमना विचारलंच, "भरती कितक्याक?"

मॅडम हसल्या. "आजी, आमच्याकडे पंचगंगा आहे. तिला भरती नसते!"

माझी वेळ दहाची. दहाला सोनोग्राफीचं मशीन बंद पडलं. माणूस आला, वायरी बघितल्या, काही सापडेना. साडेबाराला सासूबाईंनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि पुटपुटल्या, "लागली भरती."

आतून तिथल्या सिस्टरने हाक मारली, "चला, मशीन चालू झालं!"

"काय बिघडलेलं?" यांनी विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली.

* * *

आधी मॅडमनी समोर बसवून सगळं सांगितलं. सुई सोनोग्राफीत बघत बघत घालतात, बाळापासून लांब. तीन-चार चमचे पाणी घेतात, ते परत भरतं. "पण थोड्या बायकांचं मूल यामुळे पडतं. कमी, पण पडतं. म्हणून नको म्हणायचा हक्क तुमचा."

मी विचारलं, "आणि दोष निघाला तर?"

"मग बसून बोलू. आज फक्त हो की नाही, एवढंच सांगा."

मी सही केली. स्वतःचीच सही ओळखू येईना.

तेवढ्यात सासूबाई पुढे वाकल्या, "चेडू काय झील, ताय कळात मा?"

मॅडमनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. "आजी, मुलगी की मुलगा ते सांगणं गुन्हा आहे. मला जेलात पाठवताय का?"

"माका नको सांगा," सासूबाई म्हणाल्या, "मी इचारलंय फक्त!"

* * *

मग टेबल. पोटावर गार जेल. स्क्रीनवर बाळ पाठ करून होतं. मॅडमनी जागा शोधली आणि पोटावर बोट ठेवलं, "इथून घेऊ."

बाळ वळलं. हात वर करून नेमकं त्या बोटाखाली आलं. सुई अजून ट्रेमध्येच होती!

मॅडमनी दुसरी बाजू धरली. बाळ तिथेही आलं. तिसऱ्यांदा बोट हलवलं, तिसऱ्यांदाही. सकाळपासून बडबडणारी सिस्टर पुढे सरकली. मॅडम स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाल्या, "याला कसं कळतंय?"

मग माझ्याकडे बघून हसल्या. "होतं असं कधी कधी. थांबू आपण."

आम्ही तिघी थांबलो. मग बाळाने हळूच हात खाली घेतला.

"श्वास सोडा."

रक्त काढताना टोचतं तेवढंच टोचलं. मग पाळीच्या आधी येते तशी एक कळ. दोन मिनिटं झाली असतील नसतील.

"एवढंच?"

"एवढंच!" मॅडम म्हणाल्या. कपाळ मात्र त्यांनी पुसलं.

* * *

पाणी लिंबाच्या सरबतासारखं फिकट पिवळं होतं. सिस्टरने नळीवरचं नाव मला मोठ्याने वाचायला लावलं आणि नंबराची चिठ्ठी हातात दिली. "यात बाळाच्या पेशी आहेत. लॅबमध्ये त्या वाढवणार. तीन आठवडे लागतील."

"वाढवणार?"

"हो, तपासायला पुरेशा व्हायला हव्यात ना."

घरी आल्यावर दोन दिवस जड उचललं नाही. पाणी जातंय का, रक्त दिसतंय का, ताप येतोय का, बघत राहायचं होतं. मी दिवसातून वीस वेळा साडी बघत होते. पण खरी भीती दुसरीच. माझं बाळ आता दोन ठिकाणी वाढत होतं. पोटात हललं की वाटायचं, तिकडचंही हललं असेल का?

बाकड्यावर आचऱ्याच्या स्वप्नालीला हे सांगितलं. ती पोट धरून हसली. "मगे गो, नाव खंयच्याचा ठेवतलंस?"

बाकडं हसलं.

* * *

एकविसाव्या दिवशी दुपारी कोल्हापूरच्या सिस्टरचा फोन आला. "रिपोर्ट नॉर्मल आहे! काही दोष नाही."

रडू की हसू कळेना.

"पण तुम्हाला कळलंच असेल की," ती म्हणाली. "सकाळीच तुमच्या आईंना सांगितलं मी."

मला वाटलं, सासूबाई. पण त्यांना मोबाईल लावता येत नाही आणि सकाळपासून त्या माझ्यासमोरच होत्या.

"सासूबाई असतील," तरी मी म्हटलं.

"नाही हो. 'मी तिची आवस' म्हणाल्या, आवस म्हणजे आईच ना. खरं तर आम्ही दुसऱ्या कुणाला सांगत नाही. पण त्यांनी तुमचं नाव, जन्मतारीख, नळीचा नंबर, सगळं बरोबर सांगितलं."

नंबराची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. यांनाही दाखवली नव्हती.

माझी आई मी सातवीत असताना गेली. शाळा तेव्हाच सुटली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"तुमच्याकडचंच बोलणं. 'चेडू बरा आसा मा?' म्हणाल्या. मी म्हटलं, बाळ ना, बाळ छान आहे. तर म्हणाल्या, 'बाळ न्हय गो, माजा चेडू.' मग फोन ठेवताना म्हणाल्या, 'माजो फोन तिका लागणा नाय. तूच सांग गो तिका.'"