तालुकानिहाय यादी

शुक्रवारी सकाळी साडेदहाला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. कर्जत तालुक्यातले निवृत्त शिक्षक भापकर गुरुजी बोलत होते.

“मॅडम, माझं उपदान जमा झालं.”

“बरं झालं गुरुजी. फार वाट बघितलीत.”

“ते ऱ्हाऊ द्या. मला सात लाख चाळीस हजार यायला हवे होते. अकरा लाख दहा हजार आलेत. तुमचं चुकलंय का माझं, तेवढं बघा.”

उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी. नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम. मी तेव्हा नगर जिल्ह्यात एका मोठ्या सरकारी यंत्रणेत वित्त विभागाची प्रमुख होते. यंत्रणेचं नाव सांगत नाही. सांगून उपयोग नाही, आणि चूक यंत्रणेची कमी, माझी जास्त होती. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार, पेन्शन, ठेकेदारांची बिलं, सगळं माझ्या सहीने जायचं. सही म्हणजे आता पेनाची नव्हे. पेन ड्राइव्हसारखं एक छोटं यंत्र असतं, ते कॉम्प्युटरला लावायचं आणि पासवर्ड टाकायचा. की पैसे निघाले.

तीन वर्षं अडकलेलं अनुदान त्या आठवड्यात आलं होतं. एकशे शहाऐंशी निवृत्त कर्मचाऱ्यांचे मिळून साधारण बारा कोटी. गुरुवारी संध्याकाळी मी ती फाइल बँकेला पाठवली होती.

गुरुजींना म्हटलं, “पैसे काढू नका. मी बघते.”

“काढायचा प्रश्नच नाही. माझे नाहीत ते,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी वाघचौरेंना बोलावलं. वाघचौरे माझे लेखाधिकारी. बावीस वर्षांची नोकरी, कामाला चोख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी माझ्याच कॉम्प्युटरवर बँकेला पाठवलेली फाइल उघडली आणि शेजारी मूळ मंजुरीची यादी लावली. पहिलं नाव बघितलं. दुसरं बघितलं. तिसऱ्याला त्यांचा माउसवरचा हात थांबला.

“मॅडम, नावं बरोबर आहेत. खाते नंबर बरोबर आहेत. रकमा दुसऱ्याच आहेत.”

“किती जणांच्या?”

यादी खाली खाली सरकवत राहिले. मग म्हणाले, “जवळजवळ सगळ्यांच्या.”

काय झालं होतं ते सांगते. मूळ यादी निवृत्तीच्या तारखेप्रमाणे होती. गुरुवारी पाच वाजता आमच्या साहेबांचा, म्हणजे यंत्रणेच्या प्रमुखांचा निरोप आला, की कुठल्या तालुक्यात किती जणांना पैसे गेले ते त्यांना सांगायचंय. मी वाघचौरेंना म्हटलं, “तीच यादी तालुकानिहाय लावून आणा.” त्यांनी लावली. पण यादीत खाते नंबर आणि रक्कम यांच्यामध्ये एक रकाना कोरा होता. एक्सेलमध्ये असा कोरा रकाना असला की कॉम्प्युटर त्याच्या पलीकडचं वेगळं समजतो. नावं आणि खाती तालुक्याप्रमाणे हलली. रकमा जागच्या जागी राहिल्या, आणि तीच यादी मी बँकेला पाठवली. कर्जतच्या माणसासमोर संगमनेरची रक्कम आली, संगमनेरच्या माणसासमोर आणखी कुणाची.

मी काय तपासलं होतं? बेरीज. ती मंजुरीशी रुपयाला रुपया जुळत होती. रकमा त्याच असल्यावर जुळणारच.

बँकेला तरी कळायला नको का, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. बँकेला खाते नंबर बरोबर मिळाला की पैसे जमा होतात. कुणाला किती मिळायला हवेत, हे बँकेला कसं माहीत असणार?

निवृत्तीला मला चौदा महिने राहिले होते. दुसरा दिवस दुसरा शनिवार, मग रविवार. बँक सोमवारपर्यंत बंद. पण मोबाइलवरून पैसे फिरवायला बँक उघडी लागत नाही. तीन वर्षं थांबलेली माणसं. कुणी त्या पैशांत घराचं काम काढेल, कुणी लेकीला देईल, कुणी ठेव ठेवेल. जे करायचं ते त्याच दिवशी, चारच्या आत.

साहेबांच्या केबिनमध्ये गेले. वयाने माझ्या मुलाएवढे, हुशार, जिल्ह्यात नवीन. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, “हे कोणाकोणाला माहीत आहे?”

“मला, वाघचौरेंना आणि कर्जतच्या एका गुरुजींना.”

“मग बँकेशी फोनवर बोलून घ्या ना. कागद कशाला?”

“साहेब, फोनवर सांगून कुणी कुणाच्या खात्याला हात लावत नाही. लावूही नये.”

ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. “पत्र दिलं म्हणजे चूक लेखी कबूल केली. पेपरला आलं तर?”

“आज पत्र नाही दिलं आणि सोमवारी खात्यांत पैसे नसले, तर नक्की येईल.”

ते परत खुर्चीत येऊन बसले. मग म्हणाले, “ठीक आहे. तुमच्या सहीने जाऊ द्या.”

तुमच्या सहीने, याचा अर्थ मला कळला. फाइल माझ्याच सहीने गेली होती.

जवळजवळ सगळ्यांची पेन्शन खाती एकाच बँकेत होती, हे आमचं नशीब. शाखाधिकारी गुगळे ओळखीचे. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, “मॅडम, मी होल्ड लावतो. पण मला प्रत्येकाचं नाव, खातं आणि जास्त गेलेली रक्कम लेखी हवी. सरसकट सगळ्या खात्यांना लावणार नाही. म्हातारी माणसं आहेत, औषधाला पैसे लागतात.”

होल्ड म्हणजे खात्यातली ठरावीक रक्कम गोठवणं. पैसे खात्यात दिसतात, पण काढता येत नाहीत.

विभागातले दोन कारकून, वाघचौरे आणि मी, असे चौघं बसलो. एक जण मंजुरीची रक्कम मोठ्याने वाचायचा, दुसरा गेलेली रक्कम, वाघचौरे फरक लिहायचे, मी तपासायचे. कॉम्प्युटरने हे दोन मिनिटांत झालं असतं. पण त्या दिवशी कॉम्प्युटरवर भरवसा ठेवायला कुणी तयार नव्हतं. मधेमधे फोन येत होते. ज्यांना कमी मिळाले ते चिडून विचारत होते. ज्यांना जास्त मिळाले, त्यांच्यातले भापकर गुरुजी आणि अजून दोघं सोडले, तर कुणाचा फोन नव्हता. मी त्यांना नावं ठेवत नाही. तीन वर्षांनी आलेली रक्कम कोण उलटून तपासतं?

डबा कुणी उघडला नाही. अडीचला यादी झाली. मी प्रत्येक पानावर पेनाने सही केली आणि वाघचौरे स्वतः गाडीवर बँकेत गेले.

पावणेचारला गुगळेंचा फोन आला.

“एक सोडून सगळ्यांना होल्ड लागला, मॅडम.”

“कोण राहिलं?”

“रंगनाथ सातपुते. खात्यात पन्नास हजारच आहेत, ते गोठवलेत. पाच लाख सकाळी अकराला गेले. नगरच्याच एका हॉस्पिटलला.”

सातपुते आमचे निवृत्त शिपाई. त्यांचे तीन लाख वीस हजार होते. गेले होते साडेपाच लाख. म्हणजे त्यांना मिळायला नको होते असे एक लाख ऐंशी हजार हॉस्पिटलच्या खात्यात पोचले होते.

मी गाडी काढायला सांगितली.

सातपुते दुसऱ्या मजल्यावर बाकड्यावर बसले होते. मला बघून उठले, हात जोडले. त्यांना वाटलं मी त्यांच्या बायकोला बघायला आले. मी शेजारी बसले आणि काय झालं ते सांगितलं. जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं.

ते खाली बघत ऐकत होते. मग म्हणाले, “मला वाटलं, तीन वर्सं थकलं म्हनून सरकारनं याज लावून दिलं. बुधवारी हिला धाप लागली, आनलं हितं. काळजाची झडप खराब हाय म्हनले. पाच लाख भरा म्हनले. माज्याकडं कुठून यायचं? सकाळी मेसेज आला. म्या म्हनलं, देव हाय.”

मी पर्समधून यादी काढून त्यांच्या नावापुढची मंजूर रक्कम दाखवली.

“मंग माघारी घिऊ का?” ते उठलेच. “उद्या सकाळी हाय आप्रेशन. अजून आत न्हेलं न्हाई तिला. खाली काउंटरवर इचारतो.”

नियमाने उत्तर ‘हो’ होतं. जास्त गेलेली रक्कम तात्काळ वसूल करावी, असं आमच्या पुस्तकात आहे. साहेबांना फोन लावून विचारता आलं असतं. ते काय म्हणतील, याची मला धास्ती होती. विचारलं आणि नाही म्हणाले, तर मला त्या माणसाला काउंटरवर पाठवावं लागलं असतं.

“बसा सातपुते,” मी म्हटलं. “ऑपरेशन होऊ द्या.”

तो अधिकार मला नव्हता. 

तिथेच बाकड्यावर हमीपत्र लिहिलं. जादा गेलेली रक्कम पेन्शनमधून दरमहा पाच हजार कापून घ्यायला संमती आहे. सातपुत्यांनी चष्मा लावून एकेक शब्द वाचला.

“आन् म्या मधीच गेलो तर?”

“मग फॅमिली पेन्शनमधून कापले जातील.”

“म्हंजी तिच्यातनं.”

“हो.”

“मंग तिला बरं व्हायलाच पायजे,” म्हणाले आणि सही केली.

एवढ्याने भागत नव्हतं. अनुदान रुपयाला रुपया संपलेलं. जिथे एक लाख ऐंशी हजार जास्त गेले, तिथे दुसऱ्या कुणाचे तरी तेवढेच कमी पडणार. सातपुत्यांना गेलेली रक्कम पुणतांब्याच्या निवृत्त शिक्षिका धनवटे बाईंची होती. शनिवारी वाघचौरे आणि मी पुणतांब्याला गेलो. वाटेत वाघचौरे म्हणाले, “मॅडम, यादी मी लावली. माझ्यावर घ्या. तुमची निवृत्ती जवळ आलीय.”

“गाडी चालवा,” मी म्हटलं.

बाईंनी चहा दिला, पण चेहरा कोरा होता. आम्ही सांगितलं ते सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, “त्या बाईचं ऑपरेशन झालं का?”

“आज सकाळी झालं. अजून आयसीयूत आहेत.”

“मग मी काय बोलणार? पण मला लेखी द्या. तुमच्या ऑफिसच्या तोंडी शब्दावर मी तीन वर्षं काढलीत.”

राहिलेले एक लाख ऐंशी हजार लवकरात लवकर देऊ, असं पत्र मी तिथेच लिहिलं. बाईंनी ते वाचलं, आतून लाल पेन आणलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. “‘लवकरात लवकर’ खोडा. कुठला महिना ते लिहा.”

मी खोडून महिना लिहिला.

सोमवारी साहेबांसमोर तिन्ही कागद ठेवले. बँकेचं पत्र, सातपुत्यांचं हमीपत्र, बाईंना दिलेल्या पत्राची प्रत. त्यांनी वाचले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, “हे तुम्ही मला न विचारता केलंत.”

“हो, साहेब.”

“विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं,” ते म्हणाले. मग पेन उचललं आणि हप्त्याने वसुलीला मंजुरी दिली. त्यांच्याबद्दल माझं मत त्या दिवशी बदललं.

त्या आठवड्यात रकमा परत घेऊन ज्याच्या त्याला दिल्या. दोघांनी होल्डवरून भांडण काढलं, एकाने वकिलाची नोटीस पाठवली, पण सातपुत्यांचे सोडले तर पैसे सगळे मिळाले. भापकर गुरुजींनी नवीन रक्कम जमा झाल्यावर पुन्हा फोन केला. “आता बरोबर आहे,” एवढंच बोलले.

खुलासा मागवला गेला. मी लिहिलं, की तालुकानिहाय यादी मी ऐन वेळी मागितली आणि तपासताना फक्त बेरीज बघितली. हे खरं होतं. वाघचौरेंना आणि मला, दोघांनाही लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या सर्व्हिस बुकात आहे. चौकशी बंद व्हायला वेळ लागला, त्यामुळे माझं स्वतःचं उपदान सात महिने उशिरा मिळालं. धनवटे बाईंचे राहिलेले पैसे पुढच्या अनुदानातून दिले, कबूल केलेल्या महिन्यानंतर तीन आठवड्यांनी. त्यांनी फोन करून हे तीन आठवडे मोजून दाखवले. सातपुत्यांच्या बायको घरी आल्या, अजून आहेत. हप्ते अजून चालू आहेत.

त्यानंतर मी ऑफिसमध्ये एक पद्धत घातली. फाइल बँकेला जाण्याआधी, ती ज्याने केली नाही अशा माणसाने मधली कुठलीही दहा नावं काढायची आणि मूळ मंजुरीशी ताडून बघायची. याला सात-आठ मिनिटं लागतात. सुरुवातीला सगळ्यांनी कुरकुर केली. संध्याकाळी पाचनंतर आलेली फाइल दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवायची, हेही ठरवलं. त्यावर मात्र कुणी कुरकुर केली नाही.