नवरीच्या जीपमागं

ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाड्या पुढच्या गाडीपासून आपोआप अंतर राखतात, असं हल्ली वाचायला मिळतं. त्यांना जमत असणार. पुढच्या गाडीत त्यांची बहीण बसलेली नसते.

माझी बसली होती. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं, मार्चचं ऊन कललं होतं आणि आमच्या रानातल्या गुंद गावाहून रामनगरला तिची पाठवणी चालली होती. पुढं नवऱ्याकडची जीप, मागून उघडी. तिथल्या बाकाच्या टोकाला माझी धाकटी बहीण. त्यामागं आमची माणसं भरलेला टेम्पो, आणि तो चालवणारा मी.

गाडी मला लाकडाचा ट्रक चालवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं शिकवली होती. त्याचा एकच नियम होता. "फुडच्या गाडीचा धुरळा खाली बसंल, एवढं मागं ऱ्हायचं." सहा वर्षं मी तो पाळत आलो होतो. त्या दिवशी मात्र शेजारी काकी बसली होती. आमच्याकडं नवरीच्या गाडीमागं तिच्या माहेरचीच गाडी लागते. मध्ये परकी गाडी शिरली तर अपशकुन. "मधी कुणाला घुसू देऊ नगो बघ," काकी दर वळणाला बजावत होती. त्या रस्त्यानं दिवसाला दोन बस जायच्या, त्यातली एक बहुतेक वेळा बंदच. घुसणार कोण, देव जाणे! पण खरं सांगायचं तर मलाच ती नजरेआड व्हायला नको होती. मी वेग वाढवला.

तांबड्या धुळीत ऊन शिरलं आणि रस्ता, झाडं, वळणं सगळं विरघळून गेलं. मधूनच हिरवा शालू दिसायचा, मुंडावळ्या हलायच्या, की पुन्हा काही नाही. इंजिनाचा आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा वाटत होता. मागं बायकांची गाणी कधी थांबली, कळलं नाही. तिच्या केसांतल्या सुरंगीच्या वेणीचा वास मला आला, किंवा आल्यासारखं वाटलं, इतका मी जवळ गेलो होतो. त्या गुंगीत मला फार बरं वाटत होतं. हा रस्ता रामनगरला पोचूच नये, असं मनात येऊन गेलं.

जीप थांबली. ते मला दिसलंच नाही. दिसला तो तिचा हात. तळवा माझ्याकडं केलेला, मनगटभर हिरवा चुडा. जणू टेम्पो ती एका हातानं थोपवणार होती! मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. टेम्पो घसरत गेला, रुखवताची भांडी आदळली, बायका किंचाळल्या. धूळ ओसरली तेव्हा बॉनेट तिच्यापासून वीतभर लांब होतं.

जीपपुढून गवे रस्ता ओलांडत होते. एकेक करून, सावकाश, पांढरे पाय टाकत. कुणी हॉर्न दिला नाही. शेवटचं वासरू रानात शिरेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. शकुन सांभाळता सांभाळता मी तिलाच चिरडणार होतो.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "तू मागं ऱ्हा. मी काय हरवत न्हाई."

मी मान हलवली. जीप सुटली आणि वळणाआड गेली. मलाही टेम्पो सुरू करायचा होता, पण स्टिअरिंगवरची बोटं उघडेनात. काकीनं ती एकेक करून सोडवली, आणि मग मला रडू फुटलं.