झुल्मिरामावशीचा कॅम्पमधला आठवडा

झुल्मिरामावशी आमच्या सर्फ कॅम्पची स्वयंपाकीण. बावीस वर्षं झाली. कॅम्प म्हणजे पोर्तुगालच्या किनाऱ्यावर, पेनिश शहराच्या खालच्या अंगाला, आमच्या गावाच्या टोकाला, एक बसकं पांढरं घर. चार खोल्या आणि मागे बोर्डांची शेड. मे ते सप्टेंबर जर्मन येतात, डच येतात, आयरिश येतात. शनिवारी पांढरेफटक येतात आणि पुढच्या शनिवारी नाकाची सालं काढत जातात. मधले सात दिवस ते जे काय खातात ते सगळं मावशीच्या हातचं.

ठेंगणी, रुंद, आवाज मोठा. चौदाव्या वर्षापासून सार्डिनच्या कारखान्यात डबे भरायची. कारखाना बंद पडला, मग इकडे आली. अजून मासा साफ करताना डोकं आणि आतडं एका झटक्यात बाहेर काढते, आपण डोळे मिटून उघडेपर्यंत पुढचा मासा हातात असतो. नवरा मच्छीमार होता, नऊ वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला. तेव्हापासून मावशी काळ्या कपड्यात. आमच्याकडच्या तिच्या वयाच्या विधवा एकदा काळं घातलं की मरेपर्यंत उतरवत नाहीत.

मी नववीत शाळा सोडली तेव्हा गावातल्या प्रत्येकाने मला अक्कल शिकवली. मावशीने बटाटे दिले. म्हणाली, "तेल्मो, सोल. सालं पातळ काढ." बास, एवढंच. पहिलं वर्ष मी तिच्या हाताखाली काढलं. मग मालक फाउस्तोने मला पाहुण्यांना सर्फिंग शिकवायला पाण्यात पाठवलं. तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललं तर मी भांडतो. हे आधीच सांगून ठेवतो, नंतर कोणी म्हणू नये.

तर या जुलैत एका दुपारी मावशी भांडी पुसता पुसता फाउस्तोला म्हणाली, "मला पण एक आठवडा पाहिजे."

"सुट्टी? सीझनमध्ये?" फाउस्तोने कॉफी खाली ठेवली.

"सुट्टी नाही. कॅम्प. पाहुण्यांसारखा. माझं नाव त्या फळ्यावर लिहायचं, कुठली खोली, किती वाजता पाण्यात. मी पण शिकणार."

फाउस्तो हसला. मावशी हसली नाही, तेव्हा त्याने पण हसू आवरलं.

ऑक्टोबरात मावशीला पेन्शन लागणार होतं. आणि पुढच्या वर्षी फाउस्तो कॅम्प लिस्बनच्या कुठल्याशा कंपनीला चालवायला देणार होता. त्या लोकांना मावशी कोण ते काय माहीत? म्हणजे या सप्टेंबरात, गर्दी ओसरल्यावर, झालं तर झालं, नाहीतर कधीच नाही. मी तिला म्हटलं, "अगं, समुद्र काय, रोज समोरच आहे. मी तुला असाच शिकवतो की."

"समुद्र मी जन्मल्यापासून बघतेय," ती म्हणाली. "मला कॅम्प पाहिजे. बावीस वर्षं मी दुसऱ्यांचा आठवडा लावला. मला बघायचंय लावलेल्या आठवड्यात बसलं की कसं वाटतं."

फाउस्तो वाईट माणूस नाही, चिकट आहे. त्याचा नियम ठरलेला. वीस सप्टेंबरनंतर चार पाहुणे असले तरच कॅम्प उघडा, तीन असले तर कुलूप. मावशीलाही तो तेच म्हणाला. "चार नावं आण. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारपर्यंत. तुझ्याकडून पैसे घेणार नाही, पण नियम म्हणजे नियम."

मावशीने त्याच दिवशी बेत सुरू केला. पाहुणे लोक सुट्टी ठरवतात ती फोटो बघून, आणि भर ऑगस्टात येतात. दुपारी उत्तरेचा वारा सुटला की तोंडात वाळू जाते, मग बसतात खोलीत पत्ते खेळत. मावशी असली चूक करणार नव्हती. तिने भिंतीवरची भरती-ओहोटीची वही काढली आणि सप्टेंबरचं पान उघडलं. वहीतल्या वेळा हिवाळ्याच्या असतात, उन्हाळ्यात आमच्याकडे घड्याळं तासभर पुढे करतात, म्हणून एक तास मिळवावा लागतो. ते तिने पेन्सिलीने शेजारी लिहिलं. मग चंद्र बघितला. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी पार खडकांपर्यंत चढतं आणि शिकाऊ माणसाची हाडं मोडतात. अर्ध्या चंद्राच्या दिवसांत पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही. नेमका शेवटचा आठवडा तसा होता. सप्टेंबरात वाराही मरतो आणि पाणी वर्षात सगळ्यात कोमट असतं.

"कोमट म्हणजे?" तिची बहीण ओदेत विचारत होती. ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती.

"म्हणजे ओरडशील, पण मरणार नाहीस," मी म्हटलं.

ओदेत लगेच तयार झाली, तिला मावशी जाईल तिथे जायचंच असतं. मावशी धरून तिसरी, भाजीवाली देओलिंदा. तिचे गुडघे गेलेले, पण ती म्हणाली बोर्डवर पोटावर झोपायचं असतं ना सुरुवातीला, मग मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सुरुवातच करेन. शेडमध्ये नेऊन मी तिघींना रबरी सूट घालून बघायला दिले. देओलिंदाने पाठीची चेन पुढे घेऊन घातला आणि तशीच बाहेर आली. मान वळेना, श्वास घेता येईना.

"काय गं, तुला गिळलं काय कुणी?" मावशी ओरडली. तिघी हसून हसून बोर्डांवर पडल्या. एक बोर्ड चिरला. मी फाउस्तोला सांगितलं माझ्या हातून पडला.

अडलं चौथ्या नावावर. चौथी म्हणजे इल्दा. कारखान्यात पंचवीस वर्षं मावशीच्या शेजारच्या टेबलाशी उभी असायची. मावशीला चौथी म्हणून इल्दाच पाहिजे होती, आणि इल्दा नाही म्हणाली. दोनदा नाही म्हणाली. ऑगस्टचा तिसरा आठवडा संपला तरी नाहीच.

मग शुक्रवारी मावशी म्हणाली, "तेल्मो, मोठा सूट घे आणि चल."

इल्दा दारात बसून मासे खवलत होती. नखशिखांत काळ्या कपड्यात. आमच्याकडे न बघताच म्हणाली, "झुल्मिरा, परत तेच असेल तर कॉफी पी आणि जा."

"का नाही येत ते तरी सांग."

"विधवा बाई आहे मी. अकरा वर्षं हे कपडे अंगावर आहेत. समुद्रावर जाऊन पोरींसारखी खेळले तर लोक काय म्हणतील? माझी नणंद समोरच राहते, तिच्या पडद्याला डोळे आहेत."

"ज्या पाण्याने माणसं नेली त्यात खेळायचं, असं म्हणतेस काय?"

"हो, तेच!"

"अगं पण तुझा आर्लिंदो कॅफेत पत्ते खेळताना गेला!" मावशी म्हणाली. "हातात हुकुमाचा एक्का होता त्याच्या. समुद्राचा काय संबंध?"

इल्दाने सुरी खाली ठेवली. मला वाटलं आता आम्हाला हाकलणार. ती म्हणाली, "ते तो डाव जिंकले असते, माहितेय?"

"माहितेय. अख्ख्या गावाला माहितेय."

मग मावशीने मला खूण केली. मी सूट हँगरसकट इल्दासमोर धरला. मावशीने त्याची बाही हातात घेऊन इल्दाच्या बाहीला लावली. "रंग बघ."

इल्दाने बघितला.

"मानेपासून घोट्यापर्यंत काळा," मावशी म्हणाली. "हातसुद्धा झाकतो. तुझ्या झग्यापेक्षा लांब आहे. नणंदेला म्हणावं, दुखवटा सोडलेला नाही, ओला केलाय."

इल्दाने आधी तोंडावर हात धरला, त्याच हाताला खवले होते, मग ते सगळे गालाला लागले आणि ती हसायला लागली. समोरच्या खिडकीचा पडदा खरंच हलला. इल्दा तिकडे बघून मोठ्याने म्हणाली, "हा सूट मला होईल ना? मी अंगाने मोठी आहे!"

रविवारी सकाळी प्रार्थना आटोपून चौघी सरळ कॅम्पवर. फाउस्तोने फळ्याची एक बाजू पुसली, मावशीने सांगितलं तशी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याची एकेक ओळ लिहिली. खोली एकमध्ये झुल्मिरा आणि इल्दा, दोनमध्ये ओदेत आणि देओलिंदा. सोमवारी सव्वादहाला पाण्यात, मंगळवारी अकराला, भरती-ओहोटीच्या वेळा सरकतील तसं पुढे पुढे. मावशीने सगळं लावलं होतं. सुकायला किती टॉवेल, देओलिंदाला कुठला बोर्ड, पाऊस आला तर काय. मी पण दोन महिने तिच्याबरोबर बसून लावलं होतं.

फाउस्तोने फळ्यावर शेवटचा रकाना लिहिला, जेवण. खडू तसाच धरून मागे वळला.

"जेवण कोण बनवणार?"

खरं सांगतो, आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कॅम्पमध्ये जेवण असतंच. बावीस वर्षांत मावशी एक दिवस आजारी पडली नव्हती, तिच्या जागी कोण हा प्रश्नच कधी पडला नव्हता. तिलाही नाही.

"तू जेवण बनवलंस तर पाहुणे तीन झाले," फाउस्तो हळू आवाजात म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "आणि तीन म्हणजे..."

"राहू दे," मावशी म्हणाली. चेहरा एकदम तिच्या कारखान्यातल्या जुन्या फोटोत आहे तसा, सपाट. "नियम एकदा वाकव, यांची नावं ठेव. मी स्वयंपाक करीन, वेळ मिळाला तर एखाद दिवस पाण्यात जाईन. पाहुणी नाही तर नाही."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "मी बनवणार जेवण."

"आणि त्यांना शिकवणार कोण? तुझा काका?" फाउस्तो म्हणाला.

"तुम्ही."

फाउस्तो सहा वर्षं पाण्यात उतरला नव्हता. एके काळी इथला सगळ्यात चांगला सर्फर होता म्हणतात, आता पोट सूटमध्ये मावत नाही. तो म्हणाला वेड लागलंय तुला. मी म्हटलं, "तुम्ही नाही शिकवलं तर मी उद्यापासून येत नाही. सप्टेंबरच्या डचांना शिकवा एकटेच." मी खरंच गेलो असतो. त्याला ते माहीत होतं.

"दादागिरी करतोस?"

"हो."

इल्दा म्हणाली, "फाउस्तो, पोटाची काळजी करू नकोस, आमच्यापैकी कोणाचं कमी नाही." फाउस्तोने तिच्याकडे बघितलं, मग फळ्याकडे. जेवणाच्या रकान्यात तेल्मो लिहिलं आणि शिकवण्याच्या रकान्यात स्वतःचं नाव, इतकं बारीक की वाचता येऊ नये.

मला चौघींना पाण्यात शिकवायचं होतं. दोन महिने तेच डोक्यात होतं. ते गेलं. गेलं तर गेलं.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला. सोमवारी मी कोबीचं सूप केलं, खारवलेला कॉड मासा बटाट्याबरोबर भट्टीत लावला. कॉड भिजवायचा किती ते विसरलो, खारट झाला. दीडला पाची जण समुद्रावरून परत आले. फाउस्तो पुढे, लाल, धापा टाकत, पण पाच वर्षांनी लहान दिसत होता. मागे चौघी, केस चपटे, नाकं वाहतायत, सगळ्या एकाच वेळी बोलतायत. कोणीच उभी राहिली नव्हती. मावशी पोटावर झोपून लाटेबरोबर वाळूपर्यंत आली होती. तेरा वेळा. फाउस्तोने मोजलं होतं.

मी ताटं वाढली. मावशीने घास घेतला, माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं काय येणार ते. ती पाण्याचा मोठा घोट प्यायली आणि पुढचा घास घेतला. ताट संपवलं. मग सवयीने सगळ्यांची ताटं एकावर एक रचायला लागली.

"ठेव," मी म्हटलं.

तिने हातातली ताटं धरून ठेवली थोडा वेळ. मग ठेवली.

भर दुपारी तीन वाजता ती खोली एकमध्ये झोपली होती, दार सताड उघडं, घोरत. मी तिच्या मोरीत भांडी घासली.