शाडूचा लिस्ट्रोसॉरस

गेल्या गणपतीत मी लेकीचा लिस्ट्रोसॉरस बादलीत बुडवला. आजही ते आठवलं की कुणाला तोंड दाखवू नये असं वाटतं.

इथे परदेशात, बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये गणपती दीड दिवसाचा असतो आणि विसर्जन घरातच, बादलीत. मूर्ती करून उरलेली शाडू लेकीने मागून घेतली होती. आठ वर्षांची आहे. शाळेत आवडत्या प्राण्याबद्दल बोलायचं होतं, सोबत मॉडेल न्यायचं होतं. रोज जेवताना ती मला त्या प्राण्याचं पुराण ऐकवायची. डायनासोरांच्याही आधीचा, नावात सॉरस असला तरी पाली-सरड्यांपेक्षा आपल्या जवळचा. मी लॅपटॉपमधून डोकं वर न काढता ‘अरे वा’ म्हणायचो. मला वाटलं, असेल कुठलं तरी कार्टून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसचा कॉल आला आडवा. लेक खाली खेळत होती. बायको शेजाऱ्यांकडे प्रसाद द्यायला निघताना म्हणाली, आम्ही दोघी आल्यावर विसर्जन कर. पण कॉलच्या आधी उरकायचं होतं, मला कुठला दम! तेवढ्यात खिडकीत वाळत ठेवलेलं काहीतरी दिसलं. बसकं, पोट सुटलेलं, दोन सुळे. पोरीने आपल्या हाताने गणपती केलाय म्हणून मला अगदी भरून आलं. सोंड नव्हती. ती तुटली असेल, असं मीच ठरवून टाकलं. त्यालाही हळदकुंकू लावलं, दूर्वा वाहिल्या, आरती म्हटली आणि दोघांना एकाच बादलीत सोडलं.

लेक वर आली, थेट खिडकीकडे गेली. मी कौतुकाने बादलीकडे बोट दाखवलं. ती वाकून बघत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं.

“ऑलमोस्ट सगळे प्राणी मेले ना बाबा, तेव्हा पण हा जगला होता,” ती म्हणाली. “आय टोल्ड यू.”

कॉल गेला खड्ड्यात म्हटलं. बाह्या वर सारल्या, बादलीत हात घातला. चल, याच मातीचा आत्ताच्या आत्ता परत करू, मी करतो, असं म्हणालो.

“पण तुला माहितीये का तो कसा दिसतो?”

मी ओंजळीतला चिखल घेऊन तसाच बसलो. दोन सुळ्यांपलीकडे मला काहीच आठवेना.