नकाशेवाल्या मॅडम

आमच्या नकाशेवाल्या मॅडम वस्तीत शिरल्या की दवाखाना कुठे आहे, असं कधी विचारत नसत. ‘घरात शेवटचं आजारी कोण पडलं? त्याला कसं नेलंत?’ असं विचारायच्या आणि सांगणाऱ्याला पुढे घालून त्याच वाटेने चालू लागायच्या. हातातला मोबाइल ती वाट टिपत जायचा. मग अशा सगळ्या वाटांचा नकाशा व्हायचा आणि कुठल्या वस्तीला डॉक्टर लांब पडतो ते कळायचं. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या मॅडमना एका संस्थेने हे काम दिलं होतं. वस्त्या भांडुपच्या, मीही तिथलीच पोरगी, म्हणून त्यांच्या हाताखाली लागले.

चालताना मी पुढे सटकले की त्या ओरडायच्या, ‘अगं, तू धडधाकट आहेस. पोटुशी बाई अशी चढेल का?’ गुडघे त्यांचेही गेलेले. टेकडीच्या पायऱ्यांवर मधेच बसायच्या, पदराने घाम पुसायच्या आणि ‘नकाशात चढ दिसत नाही बघ,’ म्हणत उठायच्या.

टेकडीवरच्या एका वस्तीमागे मोठ्या सोसायटीची भिंत होती. भिंतीत गेट, गेटापलीकडे हॉस्पिटल. त्या दिवशी वस्तीतल्या कुणाला पुढे न घालता आम्ही दोघीच गेलो. वॉचमनने आम्हाला हसत आत सोडलं. मॅडमनी ती वाट नकाशात घातली. वस्ती ‘जवळची’ ठरली आणि नव्या दवाखान्यासाठी निवडलेल्या वस्त्यांत तिचं नाव आलं नाही.

काही महिन्यांनी तिथली सरिता गेली. आठवा महिना होता, भरदुपारी रक्त जायला लागलं. घरच्यांनी खुर्चीत बसवून गेटापर्यंत आणली. वॉचमन म्हणाला, ‘बाहरवालों को मना है.’ पायऱ्या उतरून, हमरस्त्याने वळसा घालून पोचेपर्यंत सरिताही उरली नाही, बाळही.

हे ऐकलं तेव्हा मॅडम चहा पीत होत्या. कप खाली ठेवून म्हणाल्या, ‘मग आपल्याला का सोडलं गं त्याने?’ मी गळ्यातल्या संस्थेच्या ओळखपत्राकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्या सरिताच्या सासूसमोर, गंगूमावशींसमोर जाऊन बसल्या. ‘नकाशा माझा चुकला. मी गेट सगळ्यांना उघडं धरलं.’

‘आम्हाला विचारायचं होतंत ना,’ मावशी म्हणाल्या. एवढंच. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

संस्थेच्या बैठकीत मॅडमनी उभं राहून तेच सांगितलं. अहवाल छापून झाला होता. ‘एका गेटासाठी सगळं परत करायचं का?’ साहेबांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, ‘हो.’ पुढच्या कामाला त्यांना बोलावलं नाही. मग त्या आपल्या आपण, ओळखपत्र न घालता, वस्तीतल्या बायकांबरोबर हिंडल्या. नवा नकाशा घेऊन वॉर्ड ऑफिसात ताटकळल्या. गेट उघडा म्हणून सांगायला सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेल्या, तर तो म्हणाला, ‘चोऱ्या होतात हो.’

गेल्या थंडीत त्यांचं हृदय थकलं. त्याच हॉस्पिटलात होत्या. एका सकाळी गंगूमावशी डब्यात पेज घेऊन आल्या, वळसा घालून, धापा टाकत.

‘एवढं चालून कशाला आलात?’ मॅडमनी विचारलं.

‘माझ्या सरितासाठी दुसरं कोण चाललं, बाई?’ मावशींनी डबा उघडला आणि चमच्याने त्यांना भरवू लागल्या. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्या पेज गिळत राहिल्या.

त्याच आठवड्यात मॅडम गेल्या. गेट अजून बंद आहे. वॉर्ड ऑफिसात आता गंगूमावशी आणि मी जातो. मावशींना नकाशा वाचता येत नाही. पण तिथले साहेब तो बाजूला सारू लागले की त्या टेबलावर हात ठेवतात आणि म्हणतात, ‘सारू नका. त्यात माझी सून आहे.’