पोत्याचं डुक्कर

त्या पावसाळ्यात शाळा सुटल्यावर माझं एक काम ठरलेलं असायचं. कळंबहून स्कुटीवर घरी यायचं, घोटभर चहा घ्यायचा आणि शेतात जाऊन डुक्कर ओढायचं. डुक्कर पोत्याचं होतं. तागाची दोन पोती एकाला एक शिवून त्यात सोयाबीनचं भुसकट ठासलेलं. त्याच्या गळ्यातला दोर लांबच्या बाभळीला वळसा घालून मचाणाखाली माझ्या हातात यायचा. मी ओढलं की ते मक्यातून खसखस करत सरकायचं आणि वर मचाणावर बसलेला माझा नवरा त्याच्यावर बाण मारायचा.

नवरा कॉलेजात असताना धनुर्विद्येत जिल्ह्यापर्यंत खेळलेला. लग्नानंतर ते बांबूचं धनुष्य माळ्यावर पडून होतं. मग ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीत रानडुकरं वस्तीला आली. सकाळी जाऊन बघावं तर मका लोळवलेला. तेरखेड्याहून सुतळी बॉम्ब आणून फोडले. चार दिवस डुकरं दबली, पाचव्या दिवसापासून आवाजाकडं लक्षही देईनात. परवानगी नसताना रानडुक्कर मारणं गुन्हा आहे, हे मी नवऱ्याला एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही, कारण मलाही ती मेलेलीच हवी होती.

"मैदानावर उभं ऱ्हाऊन नेम धरणं येगळं," तो म्हणायचा. "हितं बसून मारायचंय, वाऱ्यात, आंधुक उजेडात. सराव खऱ्यासारखाच पायजे."

म्हणून दिवस मावळायच्या आधीची वेळ धरायची. दिवसभर फवारणी करून हात दुखत असले तरी त्याच हातांनी धनुष्य ताणायचं. आमच्याकडच्या वाशीतल्या वेल्डरकडून त्यानं बाणांना लोखंडी टोकं करून आणली होती. एक टोक मी बोटानं चाचपून बघितलं आणि बोट ओढणीला पुसलं. रक्त आलं नव्हतं, तरी पुसलं.

मग त्याच्या डोक्यात आणखी एक आलं. ऐन वेळी कुत्री भुंकतात, शेजारच्या रानातली माणसं बोंबलतात, त्यानं नेम हलता कामा नये. "तू खालून वरडत ऱ्हा," तो म्हणाला. "कायबी वरड."

ओरडायला मला कुणी शिकवायची गरज नाही. पहिल्या दिवशी मी "म्हैस सुटली!" म्हणून ओरडले, त्यानं वळून बघितलं आणि बाण मातीत गेला. मी पोट धरून हसले. मग "गॅस चालू राह्यला!" झालं, "पावणे आले!" झालं. आठवड्यानंतर तो कशानंच हलेना. मला ओरडायला काही सुचेना, तेव्हा एका संध्याकाळी मी "अहो, मामा पडले!" असं ओरडले. मामा म्हणजे माझे सासरे. ते तेव्हा घरी ओट्यावर शेंगा फोडत बसलेले होते. नवऱ्याची पापणीसुद्धा लवली नाही. बाण पोत्यात अर्धा घुसला. त्यानं खाली उतरून मला शाबासकी दिली आणि मी टाळ्या वाजवल्या. घरी येताना मात्र आपण तोंडातून नको ते काढलं असं वाटत राहिलं. आल्याआल्या मी ओट्यावर नजर टाकली. मामा होते तिथंच होते.

मामांना कमी ऐकू येतं. ते कबूल करणं त्यांना जिवावर येतं, म्हणून कुणी काही सांगितलं की ऐकू आलेलं असो नसो, ते "व्हय, व्हय" म्हणून मोकळे होतात.

खरोखरचं बसायचं ठरलं त्या दिवशी मी शाळेतून आल्याआल्या त्यांना गाठलं. "मामा, आता मक्यात जाऊ नका. हे बाण घेऊन बसणार हायेत."

"व्हय, व्हय," मामा म्हणाले. शेजारी मोटार चालू होती. वर्गात मी पोरांकडून एकेक वाक्य तीनतीनदा म्हणून घेते, आणि इथं एका 'व्हय'वर विश्वास ठेवून मी निघाले.

पाऊस भुरभुरत होता. नवरा वर, मी मचाणाखाली. पोत्याचं डुक्कर त्या दिवशी गोठ्यात ठेवलं होतं. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि ते मला बरं वाटत होतं. मग मक्यात खसखस झाली. ताटांमधून एक तपकिरी पाठ सरकताना दिसली, वाकलेली, आमच्या पोत्याएवढीच. माझ्याही मनात आलं, आलं एकदाचं! वर धनुष्य ताणल्याची करकर ऐकू आली.

तेवढ्यात मक्याचं एक लोळलेलं ताट हळूच उभं राहिलं. मग त्याच्या शेजारचं. डुक्कर मका पाडतं, उभा करत नाही.

मामा होते. पावसात आमच्याकडं सगळेच तागाच्या पोत्याची खोळ करून डोक्यावरून पांघरतात, तशी त्यांनीही पांघरली होती आणि वाकून एकेका ताटाच्या बुडाला माती दाबत चालले होते.

"थांबा! मामा हायेत! अहो, मामा हायेत ते!"

वर काहीच हललं नाही. मी पुन्हा ओरडले, घसा फाटेस्तोवर ओरडले. मामांना ते ऐकू जाणार नव्हतं. आणि नवरा सरावातल्यासारखाच स्थिर बसला होता. मी मचाणाचा खांब दोन्ही हातांनी धरून हिसडला. बाण सुटला.

"घालवलंस!" तो वरून खेकसला. "हाताशी आल्यालं घालवलंस!"

मक्यात मामा कमरेवर हात ठेवून सरळ झाले. खोळ मागं सारून त्यांनी मचाणाकडं बघितलं.

"काय रं," त्यांनी लेकाला विचारलं, "दिसलं का कायी?"

नवरा मचाणावरून कसाबसा उतरला आणि चिखलातच बसला. मी त्याला हात दिला नाही. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्याची किळस आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी बांधात रुतलेला बाण उपटून आणला आणि नवऱ्यापुढं ठेवला. "चांगला ईतभर आत गेल्ता. नेम चुकला व्हय?"

"व्हय," नवरा म्हणाला. मामा निवांत चहा पीत बसले. खरं काय ते आम्ही त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

मी त्याला गोठ्यात गाठलं. "माझा आवाज आला न्हाय का तुमाला?"

तो म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होता. "आला की," तो म्हणाला. "मामा हायेत म्हणालीस, ते बी ऐकलं. मला वाटलं, तू सरावातलंच वरडतीस."

आता धनुष्य घरात नाही. पण मी साधी जेवायला हाक मारली तरी तो हातातलं टाकून धावत येतो, आधी मामा कुठं आहेत ते बघतो आणि मग पडल्या आवाजात विचारतो, "काय झालं?" काही झालेलं नसतं. भाकरी निवत असते. जेवायला चला म्हणते मी, आणि माझाच आवाज मला नकोसा होतो.